एकाच खुर्चीची खोली

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातून एका वाचकाचं तीन पानी पत्र आलं आहे. वय ५३, बँकेत अधिकारी. सहा वर्षांत एकेक वस्तू जमवून त्यांनी घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत संगीत ऐकण्याची सोय केली : टर्नटेबल, अॅम्प्लिफायर, स्टँडवर ठेवलेली स्पीकरची जोडी. नाद लागला तो वडिलांच्या मागे राहिलेल्या साठेक रेकॉर्डमुळे. त्यांत एलपी आहेत आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, ‘७८ च्या’ म्हणतात त्या जुन्या तबकड्याही. तबकड्यांसाठी वेगळी जाड सुई मुद्दाम मागवली. सगळा खर्च पावणेतीन लाखांच्या घरात गेला, पत्नीला मात्र ‘लाखभर’ सांगितला आहे.

त्यांचं दुःख असं, की ऐकायला कोणी बसत नाही. पत्नी दारातूनच ‘आवाज कमी करा’ म्हणते आणि स्वयंपाकघरात मोबाईलवर गाणी लावते. तो पत्र्यासारखा आवाज यांना सहन होत नाही. कॉलेजात जाणारी मुलगी कानांत बोंडं घालून बसते. एका रविवारी मित्रांना बोलावलं, तर दहा मिनिटांत प्लॉटच्या भावांवर गप्पा सुरू झाल्या. यांनी चिडून सिस्टीम बंद केली. दिवाळीत आत्या आल्या होत्या. त्यांना वडिलांची एक तबकडी लावून दिली, तर त्याही मधेच बोलायला लागल्या, ‘शेवटी गप्प बसवावं लागलं’. आता दीड लाखाची नवी स्पीकरची जोडी पाहून ठेवली आहे. त्यासाठी मुलीच्या पुढच्या शिक्षणाची ठेव मोडावी लागेल. ‘आवाज असा हवा की माणूस जागचा हलता कामा नये. तेही जमणार नसेल तर ताई, सगळं विकून मोकळा होऊ का?’

---

तुमचं पत्र मी एकदा मनात वाचलं आणि दुसऱ्यांदा आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, उठून खिडकीपाशी गेले. कारण आमच्याही घरात तुमच्यासारखाच एक माणूस आहे. आमच्याकडे कॉस्मिक कंपनीचा जुना अॅम्प्लिफायर आला तेव्हा फ्रीज आलेला नव्हता, एवढं सांगितलं तरी तुम्हाला कल्पना येईल.

तेव्हा हे उत्तर ऐकवणाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं नाही. ज्या खुर्चीवर बसवून ऐकवलं जातं, त्या खुर्चीवरून लिहिलं आहे. ‘बस इथे. डोळे मीट. आता डावीकडे घुंगरू वाजतील बघ.’ घुंगरू वाजायचे. मी ‘हो, वाजले’ म्हणायची. ‘तुला कळलं का, आधीच्या स्पीकरला हे ऐकूच येत नव्हते?’ मी ‘हो’ म्हणायची. तेवढ्यात ती रेकॉर्ड उचलून दुसरी लागायची, कारण तिच्यात म्हणे व्हायोलिन फार छान सुटं येतं. ते गाणं कोणतं होतं, हे आज विचाराल तर मला सांगता येणार नाही. माझी परीक्षा चालली आहे आणि पास होण्यापुरतं बोलायचं आहे, एवढंच तेव्हा कळत असे.

तुमच्या तीन पानांत अॅम्प्लिफायरचं मॉडेल आहे. सुईचा दाब पावणेदोन ग्रॅम ठेवल्याचं आहे. स्पीकरच्या वायरीची जाडीसुद्धा आहे. आत्याबाईंना कोणती तबकडी लावली, कोण गात होतं, हे मात्र कुठेच नाही. मित्रांना काय ऐकवलंत, तेही नाही. म्हणून आधी मीच तुम्हाला विचारते : त्या रविवारी मित्रांना गाणं ऐकायला बोलावलं होतंत की सिस्टीम ऐकायला? सिस्टीम ऐकायला बोलावलेला माणूस पाच मिनिटांत ‘वा, मस्त’ म्हणून मोकळा होतो. त्याचं काम संपलेलं असतं. मग त्याने प्लॉटवर बोलू नये तर काय करावं?

आता त्या खुर्चीबद्दल. तुम्ही लिहिलं आहे की स्पीकर आणि खुर्ची यांचा समभुज त्रिकोण साधला आहे, ट्विटर, म्हणजे वरचे सूर काढणारे छोटे स्पीकर, बरोबर कानाच्या उंचीला आहेत. छान आहे, स्टीरिओ असाच ऐकायचा असतो. अॅलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ मध्ये स्टीरिओचं पेटंट मागितलं, तेव्हापासून मेख हीच आहे : दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसलात तरच गाणारा समोर मधोमध उभा राहतो. फूटभर सरकलात की तो जवळच्या स्पीकरकडे झुकतो. म्हणजे या यंत्रात उत्तम जागा मुळातच एक आहे, आणि त्या जागेवर तुमची खुर्ची आहे. बाकीचे कुठे बसतात? मित्र दिवाणावर बसले होते, असं तुम्हीच लिहिलं आहे. दिवाण भिंतीला, एका स्पीकरच्या कुशीत. तुम्ही ज्या आवाजावर जीव टाकता तो त्यांना ऐकूच आलेला नाही. त्यांना एका डब्यातून गाणं आणि दुसऱ्यातून थोडं काहीतरी ऐकू आलं.

माणूस घरी आला की मधली खुर्ची त्याची. तुम्ही दिवाणावर. दोघं-तिघं असतील तर स्पीकर थोडे आतल्या बाजूला वळवा, इतके की त्यांच्या रेषा खुर्चीच्या थोड्या पुढेच एकमेकींना छेदतील. त्यामुळे कडेला बसणाऱ्याचा कान दूरच्या स्पीकरच्या तोंडासमोर येतो आणि जवळच्याची दादागिरी थोडी कमी होते. तुमचा त्रिकोण थोडा बिघडेल. जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, पाहुणे गेले की पुन्हा जुळवा. आमच्याकडे अशा तीन रंगांच्या पट्ट्या आहेत.

तुमच्या लक्षात आलेली नसावी अशीही एक गोष्ट आहे. वडिलांच्या ७८ च्या तबकड्या सगळ्या मोनो आहेत. साठच्या दशकातल्या आपल्याकडच्या बऱ्याच एलपीही मोनोच. त्यांत डावं-उजवं काही नाही, दोन्ही स्पीकरमधून तेच येतं. दिवाणावर बसा, उंबऱ्यावर बसा, कोणाच्या वाट्याचं गाणं कापलं जात नाही. ज्या रेकॉर्डपासून हा सगळा नाद सुरू झाला, त्यांना तुमची ती एक खुर्ची लागतच नाही.

त्या तबकड्या घरात ऐकल्या कशा जात होत्या, ते आठवा. बाजू संपायची तीन-साडेतीन मिनिटांत. मग कोणीतरी उठायचं, तबकडी उलटायची, ग्रामोफोनला चावी द्यायची, सुई बदलायची. त्या मधल्या वेळात माणसं बोलायची : ‘ती तान परत ऐकायची का?’, ‘हे मी मिरजेला समोर बसून ऐकलंय.’ १९४८ मध्ये एलपी आली आणि एक बाजू वीसेक मिनिटांची झाली, तरी मधे उठावं लागतच होतं. आणि आपली बैठक तरी कधी गप्प होती? समेवर मान हलते, कोणी ‘क्या बात है’ म्हणतं, पान फिरतं. जपानात जॅझ ऐकण्याची म्हणून कॉफीची दुकानं निघाली. बाहेरून येणाऱ्या रेकॉर्ड सामान्य माणसाला परवडत नसत, म्हणून लोक एका कॉफीच्या पैशात तिथे तासन् तास ऐकत बसत. त्यांतल्या कित्येक दुकानांत बोललेलं चालत नसे. मला त्या लोकांबद्दल आदर आहे. पण तिथे येणारा माणूस ते ठाऊक असूनच येत असे. तुमचे मित्र रविवारी तुमच्याकडे आले होते.

त्यांना परत बोलवा, पण या वेळी हिशेब बदला. ‘एक बाजू ऐकू या’ म्हणून बोलवा. वीस मिनिटं कोणीही गप्प बसतो, अट अशी की पुढे चहा आहे हे त्याला माहीत हवं. आणि रेकॉर्ड तुम्ही निवडू नका. प्रत्येकाने आपलं एक गाणं सांगायचं आणि ते का, हे दोन वाक्यांत सांगायचं. फर्माईश ही आपल्या लोकांची जुनी हौस आहे. झुमरी तिलैयासारखं आडबाजूचं गाव रेडिओवर नाव यावं म्हणून पत्रं पाठवून देशभर माहीत झालं. तुमच्या मित्राने सांगितलेलं गाणं तुमच्याकडे रेकॉर्डवर नसेल, ते मोबाईलवरून अॅम्पला जोडून लावावं लागेल. लावा. ते तुमच्या आवडीचं नसेल. तरी लावा, आणि पूर्ण होऊ द्या. मधे उठून काही ‘सुधारू’ नका.

आता नव्या स्पीकरांबद्दल. इथे मी ह्यांची मदत घेतली आहे. तुम्ही लिहिलं आहे की बेस ‘घुमतो’, शब्द त्यात बुडतात, म्हणून अधिक चांगले स्पीकर हवेत. तुमची खोली दहा फूट रुंद आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट असले की ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्या भिंतींमध्ये अडकून फुगतो. बारा फुटांच्या बाजूला तो आकडा ४७ येतो. बेस गिटारची एक मोकळी तार बरोबर ५५ हर्ट्झला वाजते. म्हणजे जुन्या हिंदी गाण्यात त्या तारेला हात लागला की खोलीच वाजू लागते. दीड लाखाचे स्पीकर आणलेत तर ते याच भिंतींत वाजणार, आणि बेस काढणारा वूफर मोठा असेल तर जास्तच घुमणार.

ठेव मोडण्याआधी हे करून पाहा, याला पैसे पडत नाहीत. स्पीकर कोपऱ्यातून काढा. कोपरा बेसला तीन बाजूंनी रेटतो. मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घ्या. तुमची खुर्ची मागच्या भिंतीला टेकली असेल तर तीही पुढे ओढा. खोलीत लोखंडी कपाट आहे का? असेल तर एखादं बेसचं गाणं लावून त्याच्या दारावर हात ठेवा. माझी पैज आहे, ते गात असेल. टाळी वाजवून पाहा. टणटण उत्तर आलं तर भिंती उघड्या आहेत. जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं कपाट, भिंतीला उभी केलेली एखादी कापसाची गादी यांनी वरचा कर्कशपणा खूप उतरतो. महिनाभर असं ऐका. त्यानंतरही स्पीकर हवेसे वाटले तर तेव्हा पाहू. पण मुलीच्या शिक्षणाच्या ठेवीतून नाही. त्यावर माझं दुसरं मत नाही आणि तुमचंही नसावं, नाहीतर ती ओळ पत्राच्या शेवटी ताजा कलम करून लिहिली नसतीत.

पत्नी आवाज कमी करायला सांगते याचा तुम्हाला राग येतो, कारण कमी केला की ‘जीव निघून जातो’. तुमचं खरं आहे आणि त्यांचंही खरं आहे. आवाज उतरला की आपल्या कानांना खालचे सूर बाकीच्यांपेक्षा जास्त मंद वाटायला लागतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेखच काढून ठेवले आहेत. म्हणून हौशी माणसाचा हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. जुन्या अॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’चं बटण असतं ते याचसाठी, बारीक आवाजात बेस उचलून द्यायला. तुमच्या अॅम्पला ते नसेल तर बेसची खुंटी थोडी फिरवा. टोन कंट्रोलला हात लावणं तुमच्या मंडळींत पाप समजतात हे मला माहीत आहे. आमच्याकडेही समजत असत, माझी अर्धशिशी सुरू होईपर्यंत. खालच्या मजल्यावर माणसं राहतात, त्यांचाही विचार करा. आपल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५ ही मर्यादा आहे. बेस भिंतीतून आणि स्लॅबमधून उतरतो, तुमच्या पत्नीला तो दारात ऐकू येतो तसा शेजाऱ्यांना छतातून.

पण मला त्या मोबाईलबद्दल बोलायचं आहे. तुमच्या घरात रोज, ठरल्या वेळी, स्वतःच्या आवडीने गाणी ऐकणारं माणूस आहे. ते स्वयंपाकघरात आहे. तुम्ही त्यांच्या आवाजाला पत्र्याचा म्हणता, पण त्या काय ऐकतात ते पत्रात लिहिलेलं नाही. दोन तास उभं राहून पोळ्या करत ऐकणं हेही ऐकणंच आहे, आणि तुम्ही सांगता त्या एकाग्रतेपेक्षा ते कमी खरं आहे असं मला वाटत नाही. तुमची पहिली स्पीकरची जोडी माळ्यावर आहे म्हणता. ती उतरवा, पुसा, कडेचा फोम कुजला तर नाही ना ते बघा (आपल्या पावसाळ्यात तो भुगा होतो, पण दुरुस्त करून मिळतो). स्वयंपाकघरात कपाटावर बसवा आणि तुमच्या अॅम्पच्या मागे दुसऱ्या जोडीसाठी असलेल्या ‘बी’ जोडणीतून वायर न्या. दोन्ही जोड्या एकदम वाजवणार असाल तर अॅम्पच्या मागे कमीत कमी किती ओहम चालतात असं लिहिलं आहे तेवढं पाहून घ्या. मग त्यांना विचारा, काय लावू? आणि जे सांगतील ते लावून तुम्ही कणीक मळायला घ्या. त्यांना दहा बाय बाराच्या खोलीत आणण्याचा हट्ट सोडा. गाणं तिकडे जाऊ शकतं.

पैशांचं त्यांना सांगून टाका. ‘लाखभर’ हा आकडा त्यांनी खरा मानला असेल असं मला वाटत नाही. माझ्याकडेही असाच एक आकडा बारा वर्षं होता आणि अॅम्प्लिफायरच्या खोक्यात बिल सापडलं. मला रक्कम लागली नाही. आपण दारात उभं राहून आवाज कमी करा म्हणतो आणि आत बसलेला माणूस आपल्याला इतकं परकं समजतो, ते लागलं. बिलं काढा, बेरीज करा, एका संध्याकाळी समोर ठेवा. भांडण होईल. मात्र त्या खोलीच्या दारात थांबायचं त्यांना जे कारण आहे, त्यातला थोडा भाग तरी हाच असेल.

मुलीबद्दल फार बोलत नाही, १९ व्या वर्षी बापाच्या खोलीत येऊन बसणारी मुलं कमीच. पण तिला शिकवायला जाऊ नका, तिच्याकडून काम घ्या. पन्नाशीनंतर वरच्या पट्ट्या ऐकू येणं बरंच कमी झालेलं असतं. तिचे कान त्या अजून ऐकतात. स्पीकर हलवताना तिला खुर्चीत बसवा, ‘आता शब्द सुटे येतात का, आता?’ असं विचारा आणि ती म्हणेल तिथे ठेवा. ती स्वतःचं गाणं लावून तपासेल. तुम्हाला ते गाणं सोसावं लागेल.

आणि विकायचं म्हणता, तर विकू नका. निम्मेही पैसे येणार नाहीत, आणि वडिलांच्या तबकड्या वाजवायचं साधन घरातून जाईल. तबकड्यांची नीट यादी करा. त्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. पुसताना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको. ७८ च्या तबकडीत लाख असते, ती त्यात विरघळते. काही दुर्मीळ निघालं तर मुंबईत १९९० पासून जुन्या रेकॉर्डच्या संग्राहकांची एक संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. एकत्र बसून तबकड्या ऐकणारी माणसं तुम्हाला तिथे भेटतील. तुमचा एकटेपणा बराचसा अशा माणसांशी बोलून जाईल. घरच्यांकडून तीच भूक भागावी ही अपेक्षा जरा जास्त आहे.

राहिल्या आत्याबाई. तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य मला रात्री पुन्हा आठवलं. तुम्ही वडिलांची तबकडी लावलीत आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीला काहीतरी आठवलं. ती तबकडी कोणी आणली, कोणाच्या लग्नात वाजली, तुमचे वडील चावी द्यायला कोणाला हात लावू देत नसत. काय ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही, कारण तुम्ही त्यांना गप्प बसवलंत. ते गाणं दुसऱ्या कोणाकडे असेलही. आत्याबाईंना जे सांगायचं होतं, ते कुठल्याच तबकडीवर नाही.

त्यांना फोन करा. दुपारची वेळ ठरवा, त्या जेवून वामकुक्षी घेऊन येतील अशी. मधली खुर्ची हातांची नसेल तर हातांची आणून ठेवा, त्यांना उठताना आधार लागेल. तीच तबकडी लावा. त्या बोलू लागल्या की सुई उचला, मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून घ्या, आणि त्या थांबल्या की पुन्हा पहिल्यापासून लावा. त्या काळी लोक तबकडीच्या कागदी पाकिटावर तारीख, किंमत, कधी नावही लिहून ठेवत. तुमच्या वडिलांनी लिहिलं असेल तर ती पाकिटं काढून ठेवा आणि फोनवर त्यांना सांगा, येताना वाचायचा चष्मा आणा.